संगणकाचा कोर्स कुठे करायचा? मोफत आहे का, याआधी प्रमाणपत्र कुणाचे ते विचारा

प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान, म्हणजे पीएमजीदिशा, ३१ मार्च २०२४ रोजी संपले. गावातल्या प्रत्येक घरातील एका व्यक्तीला २० तासांचे मोफत डिजिटल प्रशिक्षण देणारी ही केंद्र सरकारची योजना होती. तिची पाटी काही केंद्रांवर अजून दिसते. 'सरकारचा मोफत कॉम्प्युटर कोर्स' म्हटले की आजही अनेकांना तीच आठवते. पण त्या योजनेत आता नवीन नोंदणी होत नाही. तिच्या नावाने कुणी नोंदणी फी, आधार क्रमांक किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी मागत असेल तर देऊ नका.

मग आता संगणक शिकायचा असेल तर जवळपास कुठे जायचे? सगळ्या देशासाठी एकच नाव, एकच खिडकी असे उत्तर आज नाही. पर्याय मात्र बरेच आहेत. काही मोफत आहेत, काहींची फी परत मिळते आणि काहींचे प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवण्यापलीकडे उपयोगाचे नाही. वेळ आणि पैसा घालण्याआधी हा फरक कसा ओळखायचा, ते या लेखात पाहू.

पीएमजीदिशाने काय दिले आणि काय दिले नाही

या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. तरतूद २,३५१.३८ कोटी रुपयांची आणि उद्दिष्ट ६ कोटी ग्रामीण कुटुंबांचे होते. वयाची अट १४ ते ६० वर्षे अशी होती. योजना संपेपर्यंत सुमारे ७.३५ कोटी लोकांनी नाव नोंदवले, ६.३९ कोटींचे प्रशिक्षण झाले आणि ४.७८ कोटींना प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे प्रशिक्षणाचे उद्दिष्ट पूर्ण झाले, पण शिकलेल्यांपैकी सुमारे १.६१ कोटी लोक प्रमाणपत्रापर्यंत पोहोचले नाहीत.

योजनेचा हेतू मर्यादित होता. मोबाइल, टॅब्लेट किंवा संगणक सुरू करता यावा, इंटरनेटवर माहिती शोधता यावी, ईमेल पाठवता यावा, डिजिटल पद्धतीने पैसे देता यावेत आणि सरकारी सेवा वापरता याव्यात, एवढेच त्यात अपेक्षित होते. त्यासाठी २० तास पुरतात. पण हे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीसाठी लागणारी संगणक अर्हता नव्हे. लिपिक किंवा डेटा एंट्री ऑपरेटरच्या भरतीत ते चालत नाही. हा फरक न कळल्यामुळे अनेक उमेदवारांची अडचण कागदपत्र तपासणीच्या दिवशी लक्षात येते, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

सेवा मोबाइलवर, नोकरीची अट संगणकाची

गेल्या काही वर्षांत योजनांचा लाभ घेण्याची पद्धत बदलली आहे. पीएम किसानच्या हप्त्यासाठी ई-केवायसी लागते. रेशन कार्डातील प्रत्येक सदस्याची ई-केवायसी करावी लागते. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा लाखो महिलांना एका संकेतस्थळावर जाऊन आधार क्रमांक आणि ओटीपी भरावा लागला. त्याच काळात त्या नावाची खोटी संकेतस्थळेही फिरू लागली होती. महिन्याला १,५०० रुपये मिळणार की थांबणार, हे एका अर्जावर अवलंबून होते. खरे संकेतस्थळ कोणते हे ओळखता न येणाऱ्या बाईला तो अर्ज दुसऱ्याच्या हातून भरून घ्यावा लागला. दुसऱ्याने अर्ज भरला म्हणजे तो ओटीपीही त्याला सांगावा लागतो.

ही सगळी कामे मोबाइलवर होतात. म्हणून घरात बऱ्याचदा विचारले जाते, 'मोबाइल येतो की तुला, संगणक कशाला शिकायचा?' या प्रश्नाचे उत्तर आकडेवारीत सापडते. १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलामुलींची 'असर २०२३' ही पाहणी २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत झाली. त्यांतील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरता येत होता. संगणक किंवा लॅपटॉप मात्र सुमारे ९ टक्के घरांतच होता. त्याआधी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) असे दिसले होते की ५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांपैकी ग्रामीण भागात ९.९ टक्के आणि शहरी भागात ३२.४ टक्के लोकांनाच संगणक चालवता येतो.

म्हणजे मोबाइल जवळपास घरोघरी पोहोचला, पण कीबोर्ड पोहोचला नाही. सरकारी सेवा मोबाइलवर आल्या, नोकरीच्या जाहिरातींतली अट मात्र संगणकाचीच राहिली. ग्रामपंचायतीतील सेवा केंद्र, दवाखान्यातील नोंदणी खिडकी, पतसंस्था, खत-बियाणांचे दुकान, शाळेचे कार्यालय, सगळीकडे काम टेबलावरच्या संगणकावर होते. घरी संगणक नसलेल्या मुलीला सराव करायला क्लासखेरीज जागा नाही. त्यामुळे क्लास निवडताना 'संगणकावर प्रत्यक्ष किती तास बसायला मिळेल' हा प्रश्न फीइतकाच महत्त्वाचा आहे.

आधी ठरवा: कशासाठी शिकायचे आहे?

एकच कोर्स सगळ्यांसाठी योग्य नसतो. साधारणपणे तीन प्रकारच्या गरजा असतात.

पहिली गरज: आपली कामे आपण करणे. अर्जाची स्थिती पाहणे, दाखला डाउनलोड करणे, बँक खात्यात अनुदान आले का ते तपासणे, ईमेल पाठवणे, फसवणूक ओळखणे. यासाठी २० ते ४० तासांचा छोटा कोर्स पुरतो. इथे प्रमाणपत्रापेक्षा सरावाला महत्त्व आहे.

दुसरी गरज: सरकारी किंवा निमसरकारी भरतीची अट पूर्ण करणे. इथे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आहे, यावरच सगळे ठरते. क्लास कितीही चांगला असला तरी जाहिरातीत ज्या परीक्षेचे नाव आहे तीच परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

तिसरी गरज: खासगी नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय. बिलिंग, हिशेब, टॅली, डीटीपी, डेटा एंट्री, सेवा केंद्र चालवणे. इथे प्रमाणपत्रापेक्षा हाताला किती वेग आहे आणि काम येते का, हे पाहिले जाते. त्यामुळे जास्त तासांचा, प्रात्यक्षिकावर भर असलेला कोर्स हवा.

आपली गरज यांपैकी कोणती, हे एका वाक्यात लिहून ठेवा आणि मगच क्लासची चौकशी करायला जा.

जवळपास कुठे चौकशी करायची?

१. सीएससी केंद्र. महाराष्ट्रात आपले सरकार सेवा केंद्र किंवा महा ई-सेवा केंद्र या नावानेही ही केंद्रे ओळखली जातात. पीएमजीदिशाचे प्रशिक्षण याच केंद्रांतून झाले होते. आज काही केंद्रांत फी घेऊन संगणकाचे कोर्स चालतात. फी भरण्याआधी परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्रावर कोणत्या संस्थेचे नाव असणार, हे विचारा.

२. नायलिट. ही केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची संस्था आहे. पूर्वी तिचे नाव डोएक सोसायटी होते, म्हणून जुन्या जाहिरातींत ते नाव दिसते. नायलिटचे प्राथमिक कोर्स टप्प्याटप्प्याचे आहेत: एसीसी २० तासांचा, बीसीसी ३६ तासांचा आणि सीसीसी ८० तासांचा. सीसीसीच्या ८० तासांपैकी ५० तास प्रात्यक्षिकाचे आहेत. परीक्षेत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न असतात, वेळ ९० मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण लागतात. क्लास न लावता थेट उमेदवार म्हणूनही सीसीसीच्या परीक्षेला बसता येते. ज्यांचे वय इतर योजनांच्या मर्यादेबाहेर गेले आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग उपयोगी आहे.

३. जन शिक्षण संस्थान. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्या १५ ते ४५ वयोगटातील लोकांसाठी ही योजना आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पसंख्याक यांना प्राधान्य असते. या योजनेची सुरुवात १९६७ मध्ये मुंबईत वरळीला कामगारांसाठी सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठातून झाली. आज ती केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहे. शिवणकाम, ब्युटी पार्लर यांसोबत अनेक ठिकाणी संगणकाचा कोर्सही असतो. वर्ग वस्तीत भरवण्याची पद्धत असल्याने घर सांभाळून शिकणाऱ्या महिलांना ते सोयीचे पडतात.

४. आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. बहुतेक जिल्ह्यांत अशी एक संस्था आहे आणि ती बँक चालवते, म्हणून पाटीवर बँकेचे नाव असते. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या रुडसेटी या संस्थेच्या धर्तीवर ही योजना देशभर नेण्यात आली. प्रशिक्षण, राहणे आणि जेवण मोफत असते. संगणकावरचे हिशेब, टॅली, डीटीपी असे कोर्स इथे होतात. बचत गटातील महिला आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील तरुणांनी इथे आधी चौकशी करावी. प्रशिक्षणानंतर व्यवसायासाठी बँक कर्ज मिळवण्यासही संस्था मदत करते.

५. आयटीआय. कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, म्हणजे कोपा, हा एक वर्षाचा ट्रेड दहावी उत्तीर्णांसाठी आहे. वर्षभर देण्याची तयारी असेल तर आपण वर पाहिलेल्या तिसऱ्या गरजेसाठी हा भक्कम पर्याय आहे. प्रवेश वर्षातून ठरावीक काळातच होतात, त्यामुळे दहावीच्या निकालानंतर लगेच लक्ष ठेवा.

६. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेची केंद्रे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्किल इंडिया कार्यक्रम मार्च २०२६ पर्यंत चालू ठेवण्यास मंजुरी दिली आणि त्यासाठी ८,८०० कोटी रुपयांची तरतूद केली. कौशल्य विकास योजना, शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजना आणि जन शिक्षण संस्थान हे तिन्ही त्यात एकत्र आणले आहेत. डेटा एंट्री ऑपरेटरसारखे कोर्स या केंद्रांत असतात. तुमच्या जिल्ह्यात सध्या कोणती तुकडी सुरू आहे, ते स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. केंद्राने सांगितलेल्या कोर्सचे नाव तिथे दिसत नसेल तर प्रवेश घेण्याची घाई करू नका.

कोणत्या राज्यात कोणते प्रमाणपत्र चालते?

हा लेख मराठीत असला तरी वाचणारे सगळे महाराष्ट्रात राहतात असे नाही. इंदूर, बडोदा, सुरत, बेळगाव किंवा जयपूरमध्ये राहणाऱ्या मराठी उमेदवाराने एमएस-सीआयटी केले म्हणजे तिथल्या राज्य सरकारच्या भरतीत ते चालेलच असे नाही. ज्या राज्यात नोकरी करायची, त्या राज्याचा नियम लागू होतो.

महाराष्ट्र: ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयानुसार डोएकची, म्हणजे आताच्या नायलिटची, सीसीसी, ओ, ए, बी, सी यांपैकी एक परीक्षा किंवा एमएस-सीआयटी परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. एमएस-सीआयटी हा कोर्स २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळ चालवते. तो मराठीतूनही करता येतो. काही जाहिरातींत ही अर्हता नियुक्तीनंतर ठरावीक मुदतीत मिळवण्याची सवलत असते. म्हणून प्रमाणपत्र नाही म्हणून अर्जच न भरण्यापेक्षा जाहिरातीतील ती अट नीट वाचा.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मात्र एमएस-सीआयटी पुरत नाही. मराठी ३० शब्द प्रतिमिनिट किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे टायपिंगचे शासकीय प्रमाणपत्र वेगळे लागते. संगणक टंकलेखनाची ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. 'एमएस-सीआयटीमध्ये टायपिंग येऊन जाईल' असे कुणी सांगितले तर ते बरोबर नाही.

मध्य प्रदेश: डेटा एंट्री ऑपरेटर, सहायक ग्रेड, लघुलेखक अशा पदांसाठी सीपीसीटी ही राज्याची परीक्षा आहे. तिच्यात संगणक ज्ञानाबरोबर टायपिंगचीही चाचणी होते.

राजस्थान: आरएस-सीआयटी हा १३२ तासांचा, सुमारे तीन महिन्यांचा कोर्स आहे. त्याची परीक्षा कोटा येथील वर्धमान महावीर मुक्त विद्यापीठ घेते. राज्याच्या महिला व बालविकास यंत्रणेने महिलांसाठी हा कोर्स मोफत चालवला आहे.

उत्तर प्रदेश: अनेक पदांसाठी नायलिटचे सीसीसी मागितले जाते. राज्याचा मागासवर्ग कल्याण विभाग इतर मागासवर्गीय तरुणांसाठी ओ लेव्हल आणि सीसीसी प्रशिक्षणाची योजना चालवतो.

गुजरात आणि कर्नाटक: गुजरातमध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सीसीसी ही परीक्षा आहे. कर्नाटकात राज्य कर्मचाऱ्यांना संगणक साक्षरता परीक्षा द्यावी लागते.

या यादीत नायलिटचे नाव एकाहून अधिक राज्यांत येते. कामासाठी राज्य बदलावे लागणाऱ्या कुटुंबांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. पुढे कुठे राहणार हे नक्की नसेल तर सीसीसी हा सुरक्षित पर्याय ठरू शकतो.

फी दुसरे कुणी भरेल का?

अनेकदा कोर्स मोफत नसतो, पण त्याची फी परत मिळण्याची सोय दुसऱ्याच खात्यात असते आणि क्लासवाल्याला ती माहीत नसते. महाराष्ट्रातील काही उदाहरणे अशी:

बांधकाम कामगार: महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या शैक्षणिक योजनांत नोंदीत कामगाराच्या दोन मुलांसाठी एमएस-सीआयटी फीच्या परताव्याची तरतूद आहे. त्यासाठी कामगाराची नोंदणी चालू असली पाहिजे. नूतनीकरण राहिले असेल तर आधी ते करून घ्या.

जिल्हा परिषद: महिला व बालकल्याण समितीच्या निधीतून ग्रामीण मुलींसाठी संगणक प्रशिक्षणाची योजना अनेक जिल्ह्यांत राबवली जाते. सातवी ते बारावी उत्तीर्ण मुली ही तिची नेहमीची पात्रता. समाजकल्याण विभागाकडे मागासवर्गीय उमेदवारांसाठी सेस फंडातून अशीच योजना असू शकते. या योजना दरवर्षी आणि जिल्ह्यागणिक बदलतात. पंचायत समितीत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात यंदाच्या योजनेची विचारणा करा.

सारथी: मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा गटातील तरुणांसाठी या संस्थेने महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या केंद्रांतून विनामूल्य संगणक कौशल्याचा कार्यक्रम राबवला आहे.

इतर राज्यांत बांधकाम कामगार मंडळ, समाजकल्याण विभाग आणि महिला व बालविकास विभाग या तीन ठिकाणी हाच प्रश्न विचारा. 'मायस्कीम' या राष्ट्रीय पोर्टलवर वय, राज्य आणि प्रवर्ग भरल्यावर तुम्हाला लागू होणाऱ्या योजनांची यादी मिळते.

परतावा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. पावती शिकणाऱ्याच्याच नावाने घ्या आणि ती संस्थेच्या अधिकृत पावतीपुस्तकातली किंवा ऑनलाइन असावी. बहुतेक परतावे परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच मिळतात. त्यामुळे क्लास अर्धवट सोडला तर स्वतःचे पैसेही परत मिळत नाहीत.

पाटीवरचे कोणते शब्द फसवे असू शकतात?

'आयएसओ प्रमाणित', 'एमएसएमई नोंदणीकृत', 'भारत सरकार नोंदणीकृत', असे शब्द क्लासच्या पाटीवर नेहमी दिसतात. ते खोटेच असतात असे नाही. पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. आयएसओ प्रमाणपत्र संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळते, तिच्या कोर्सला सरकारी मान्यता आहे असा त्याचा अर्थ होत नाही. उद्यम नोंदणी कोणताही छोटा व्यवसाय करू शकतो. ट्रस्ट किंवा कंपनी म्हणून नोंदणी झाली म्हणजे तिचे प्रमाणपत्र भरतीत चालते असे नव्हे.

क्लासमध्ये गेल्यावर हे सहा प्रश्न विचारा:

• परीक्षा कोण घेते: नायलिट, राज्याचे मंडळ, विद्यापीठ की क्लास स्वतः?
• त्या परीक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर या केंद्राचे नाव आहे का? ते आत्ता दाखवा.
• एका संगणकावर किती जण बसतात आणि रोज किती वेळ प्रत्यक्ष सराव मिळतो?
• एकूण फी किती? परीक्षा फी, पुस्तक आणि पुनर्परीक्षेची फी तिच्यात धरली आहे का? हप्ते आहेत का?
• वीज गेली किंवा आजारपणामुळे तास बुडाले तर भरून देता का?
• याआधी उत्तीर्ण झालेल्या कुणाचे प्रमाणपत्र पाहायला मिळेल का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे टाळली गेली तर तिथे पैसे भरू नका. 'नोकरीची हमी' किंवा 'घरबसल्या डेटा एंट्री, आधी नोंदणी फी भरा' असे सांगणाऱ्यांपासून दूर राहा. खरे काम देणारा माणूस कामगाराकडून आधी पैसे घेत नाही. ऑनलाइन फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवली जाण्याची शक्यता जास्त.

व्यवस्थेतली उणीव कुठे आहे?

वरचे पर्याय पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. प्रशिक्षणाच्या जागा आहेत, पण त्या वेगवेगळ्या मंत्रालयांच्या आहेत आणि प्रत्येकीची वयाची, शिक्षणाची, प्रवर्गाची अट वेगळी आहे. पीएमजीदिशामध्ये ६० वर्षांपर्यंतच्या व्यक्तीला जागा होती. जन शिक्षण संस्थानात ४५ ही मर्यादा आहे. त्यामुळे पन्नाशीतली बचत गटाची सचिव, जिला गटाचा हिशेब आता संगणकावर ठेवायला सांगितले जाते, ती मोफत प्रशिक्षणाच्या बाहेर राहण्याची भीती सगळ्यात जास्त. ई-केवायसी मात्र तिलाही चुकत नाही.

दुसरी उणीव अंतराची आहे. आरसेटी जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि आयटीआयही सहसा तालुक्याला. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली तर 'मोफत' कोर्सही रोजंदारीवरच्या माणसाला महाग पडतो. जवळचा फी घेणारा क्लास कधी कधी लांबच्या मोफत कोर्सपेक्षा स्वस्त ठरतो. हा हिशेब घरी बसून मांडा: रोजचा प्रवास, दिवसांची संख्या, बुडणारी मजुरी आणि फी यांची बेरीज करा. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा.

तिसरी उणीव माहितीची आहे. एका खात्याची फी परताव्याची योजना दुसऱ्या खात्याच्या केंद्रात कुणी सांगत नाही. ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. 'आपल्या गावातल्या किती जणांना कोणत्या योजनेतून संगणक प्रशिक्षण मिळू शकते' याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची मागणी करा. गावातून पंधरा-वीस नावे एकत्र दिली तर आरसेटी किंवा जन शिक्षण संस्थानाला गावाजवळ तुकडी सुरू करण्याची विनंती करणे सोपे जाते. एकट्याने चकरा मारण्यापेक्षा बचत गटामार्फत अर्ज देणे जास्त उपयोगाचे.

या आठवड्यात काय करता येईल?

१. कशासाठी शिकायचे ते ठरवा. नोकरीसाठी असेल तर ज्या पदासाठी अर्ज करायचा आहे त्याची मागची जाहिरात मिळवा आणि संगणक अर्हतेचा परिच्छेद वाचा.

२. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला किंवा गुणपत्रिका, रेशन कार्ड, बँक पासबुक, जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि दोन फोटो एका पिशवीत ठेवा. आधारला आपला चालू मोबाइल क्रमांक जोडला आहे का ते तपासा. तो दुसऱ्याचा असेल तर आधी बदलून घ्या.

३. दोन सरकारी ठिकाणी आणि एका खासगी क्लासमध्ये जाऊन वरचे सहा प्रश्न विचारा. उत्तरे वहीत लिहा.

४. फी भरण्याआधी परताव्याची योजना आहे का ते संबंधित कार्यालयात विचारा.

५. प्रवेश घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वतःचा ईमेल तयार करा. पासवर्ड स्वतः ठरवा, क्लासमधल्या सरांना किंवा केंद्रचालकाला सांगू नका. सीसीसीच्या अभ्यासक्रमात लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर शिकवले जाते. घरी किंवा नातेवाइकांकडे जुना संगणक असेल तर ते विकत न घेता त्यावर सराव करता येतो.

कोर्स संपल्यावर तो कामाचा होता का, हे पाहण्याची एक साधी परीक्षा आहे. आपल्या योजनेचे खरे संकेतस्थळ स्वतः शोधा, अर्जाची स्थिती पाहा, पावती डाउनलोड करा आणि छापून घ्या. हे कुणाला ओटीपी न सांगता जमले, तर त्या क्लासला दिलेला वेळ कामी आला.